भातानंतर गहू: मशागत वाढवायची की कमी करायची?

भात कापून दोनदा रोटाव्हेटर मारला, गहू फोकला (हाताने विखरून पेरला), उगवण कुठे दाट कुठे विरळ झाली आणि पहिल्या पाण्यानंतर पीक पिवळं पडलं. आता पुढच्या हंगामात मशागत वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. वाढवू नका. उलट कमी करा.

भात लावण्याआधी पाण्यात रान घोळून चिखल करतात, त्या चिखलणीने मातीच्या पोकळ्या बुजतात आणि साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर घट्ट थर बसतो. भाताला तो हवाच, पाणी टिकतं. गव्हाला तोच नडतो. रोटाव्हेटर वरच्या दहाएक सेंटिमीटरचा भुगा करतो. खालचा थर जागेवरच, वारंवार वापराने उलट आणखी दाबला जातो. पाणी झिरपत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि पीक पिवळं पडतं. अशा वेळी युरिया टाकून फारसं साधत नाही, आधी पाणी निघायला हवं. खात्री करायची तर झाड उपटू नका, खणून काढा. सगळी मुळं एकाच खोलीवर आडवी वळलेली दिसली की थर तिथेच आहे.

शिवाय भारी रानात ओलीत नांगर घातला की ढेकळं निघतात, वाफशाची (मशागतीजोगी ओल उरण्याची) वाट बघण्यात दिवस जातात. उत्तर भारताच्या भात-गहू पट्ट्यात नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरणी लांबली की दर दिवसाला सुमारे एक टक्का उत्पादन घटतं, कारण दाणे भरताना उन्हाचा तडाखा बसतो. भुसभुशीत रानाने हे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून शून्य मशागत यंत्राने (न नांगरता चर पाडून पेरणाऱ्या यंत्राने), भाताच्या उरलेल्या ओलीवर थेट पेरा. आठवडा-दहा दिवस वाचतात, बऱ्याचदा पेरणीपूर्व पाणीही. ओळींत २० ते २२ सेंटिमीटर अंतर, बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल. थोडं पेरून झालं की खाली उतरा, बोटाने चर उकरा. बी ओलीत पडून मातीने झाकलेलं हवं. चर उघडाच राहून बी वरून दिसत असेल तर रान अजून ओलं आहे, थांबा. ही तपासणी बहुतेक जण टाळतात आणि मग यंत्राला नावं ठेवतात!

उभी धसकटं अडत नाहीत, कम्बाइनने टाकलेले पेंढ्याचे ढीग फणांत अडकतात. ते पसरा, किंवा हॅपी सीडर (पेंढ्यातच पेरणारं यंत्र) मिळत असेल तर तो वापरा, पण जाळू नका. पेंढा कुजताना नत्र ओढून घेतो, त्यामुळे पेरणीचं खत वर न फोकता यंत्रानेच मातीत द्या. पहिलं पाणी विसाव्या-एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळं (खोडाच्या बुडाची मुळं) फुटताना, आणि हलकं.

माती कमी हलते म्हणून गुल्लीडंडा (फॅलारिस मायनर) हे गव्हातलं तण कमी उगवतं. आधीच उगवून आलेलं तण मात्र पेरणीपूर्वी मारावं लागतं.

फोकणी एकाच ठिकाणी मला पटते: सखल, यंत्र न चालणारं रान, जिथे चिखलावरच बी टाकायचं असतं. पाणी साचत असेल पण यंत्र चालत असेल तर वरंब्यावरची पेरणी बरी.

सबसॉयलरने (खोल जाणाऱ्या नांगराने) घट्ट थर फुटतो, पण कोरड्या रानातच, आणि पुढची चिखलणी तो पुन्हा बसवते. तुम्ही भात रोप लावून घेता की पेरून, ते कळवा. त्यावर पुढचं सांगता येईल.