लोड दिला की मॉस्फेट उडतो, काय करू?

प्रश्न : 24 व्होल्टच्या ब्रशलेस मोटरसाठी मी स्वतः ड्रायव्हर बोर्ड डिझाइन करून बनवलाय, सहा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) 40 व्होल्ट सोसणारे, गेटचे (त्यांना चालू-बंद करायच्या पायाचे) रेझिस्टर 4.7 ओहमचे. मोटर नुसती फिरवली तर तासभर छान चालते पण लोड दिला आणि करंट 30 अँपिअरच्या आसपास गेला की मॉस्फेट उडतो, मोटरच्या ए, बी, सी या तीन फेजपैकी दोन्ही वेळा सी फेजचाच, आणि गेट चालवणारा ड्रायव्हर आयसी पण सोबत जातो. डेड टाइम 500 नॅनोसेकंदाचा 1 मायक्रोसेकंद केला, फरक शून्य. बोर्डाचा फोटो जोडलाय. कोड चुकतोय का?

उत्तर : कोडला सध्या हात लावू नका. फोटोत मोठा कॅपॅसिटर पॉवर कनेक्टरला चिकटून दिसतोय, ए फेज त्याच्या शेजारी आणि सी फेज पार दुसऱ्या टोकाला, मधे चार सेंटिमीटरचा ट्रॅक. तिथेच पाणी मुरतंय.

ढोबळ हिशोब करून बघा. ट्रॅकचं इंडक्टन्स (करंट अचानक बदलायला होणारा विरोध) मिलिमीटरला साधारण 1 नॅनोहेन्री धरा, म्हणजे जातानाचेच 40 नॅनोहेन्री झाले, परतीचा रस्ता अजून धरलाच नाही. मॉस्फेटने 30 अँपिअर 40 नॅनोसेकंदात तोडले तर 30 व्होल्टचा स्पाइक (क्षणभराचा झटका) येतो आणि तो 24 च्या वर चढतो, म्हणजे 54 कडे धाव, आणि मॉस्फेट आहे 40 चा! नुसती मोटर फिरताना करंट 2-3 अँपिअर असतो म्हणून स्पाइकही 2-3 व्होल्टचाच, तेव्हा सगळं ठीक वाटणारच. डेड टाइम वरचा आणि खालचा मॉस्फेट एकदम चालू होऊ नये म्हणून असतो, या स्पाइकचं तो काही करू शकत नाही. आणि मॉस्फेट आतून शॉर्ट झाला की सप्लायचं व्होल्टेज गेटवर येतं, तिथून ड्रायव्हर आयसी मरतो, त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

आत्ताच्या बोर्डावर एवढं करा, प्रत्येक फेजला वरच्या मॉस्फेटच्या ड्रेनपासून खालच्याच्या सोर्सपर्यंत (ड्रेन आणि सोर्स म्हणजे करंट ज्यातून जातो ते दोन पाय) 1 मायक्रोफॅरडचा 100 व्होल्टचा सिरॅमिक कॅपॅसिटर थेट सोल्डर करा, वायरी न लावता, हवं तर ट्रॅकवरचा मास्क खरवडून. 50 चा घेतला तर 24 व्होल्टवर त्याची कपॅसिटी बरीच घटते म्हणून 100 चा. गेट रेझिस्टर 15 ओहम करा, मॉस्फेट जरा जास्त तापेल पण स्पाइक बसेल.

मग खालच्या मॉस्फेटच्या ड्रेन-सोर्सवर ऑसिलोस्कोप लावा, पण प्रोबची ती लांब क्रोकोडाइल क्लिप काढून टोकाची छोटी स्प्रिंग वापरा, नाहीतर क्लिपच्या वायरचंच रिंगिंग स्क्रीनवर दिसतं आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो, मी स्वतः दोन दिवस घालवलेत असे. पहिल्यांदा चालू करताना सप्लायचं करंट लिमिट 1 अँपिअरवर ठेवा आणि हळूहळू वाढवा.

नवीन बोर्ड करणारच असाल तर मॉस्फेट 60 व्होल्टचे घ्या, तिन्ही फेजच्या अगदी पायाशी सिरॅमिक ठेवा आणि लगेच खालच्या लेयरवर सलग ग्राउंड द्या, म्हणजे परतीचा करंट ट्रॅकच्या बरोबर खालून जातो आणि लूप चिंचोळा होतो. गेट-सोर्समधे 10 किलोओहम विसरू नका, कंट्रोलर रीसेट होतो तेव्हा गेट अधांतरी राहता कामा नये. अजून एक, मोटर झटक्यात ब्रेक केली की ती जनरेटर होते आणि बसचं (मुख्य सप्लाय लाइनचं) व्होल्टेज वर ढकलते, बेंच सप्लाय ते परत घेत नाही, म्हणून टेस्टिंगला थ्रॉटल सावकाश सोडा.