गावच्या ख्रिस्ती दफनभूमीची डागडुजी

प्रश्न : पन्हाळा तालुक्यातील आमच्या गावी चर्चलगत जुनी दफनभूमी आहे. थडग्यांवर झुडपे माजली असून अक्षरे पुसट झाली आहेत. मंडळीतील तरुण ॲसिडने दगड धुऊन सिमेंटने सांधे भरणार आहेत. हे योग्य ठरेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया दोन्ही कामे थांबवावीत. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि त्यानंतर या भागात मंडळ्या उभ्या राहिल्या. त्या पहिल्या पिढ्यांची नावे कित्येकदा या दगडांखेरीज दुसरीकडे सापडत नाहीत, म्हणून एकही अक्षर गमावणे परवडणारे नाही.

प्रथम नोंद करावी. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात पुसट अक्षरांच्या कडांवर सावली पडते आणि दुपारी न दिसणारा मजकूर वाचता येतो. तेव्हाच छायाचित्रे घेऊन ती चर्चच्या दफन-नोंदवहीशी ताडून पाहावीत. झुडपे उपटू नयेत, कारण मुळांबरोबर सांधेही उखडतात. ती बुंध्याशी कापावीत. दगडावरील शेवाळ साधे पाणी व मऊ ब्रश यांनीच काढावे, तारेचा ब्रश मुळीच नको. सांधे मूळ चुन्याचे असतील तर चुनाच वापरावा. सिमेंट कडक असते, ओल आत कोंडून ठेवते आणि आपल्याकडच्या पावसात त्याचा भार शेवटी दगडाच्या कडांवर येऊन त्यांचे टवके उडतात.

कलंडलेले दगड जाणकार गवंड्याकडूनच, आणि वारसांना विचारूनच, सरळ करून घ्यावेत.