प्रतिजैविकांना वनस्पतींची साथ

प्रश्न : निष्प्रभ ठरलेली प्रतिजैविके काही वनस्पतिजन्य संयुगांमुळे पुन्हा काम करू लागतात, असे वाचले. हे कसे घडते? अशी वनस्पती औषधासोबत घ्यावी का?

उत्तर : अनेक जिवाणूंच्या पेशीपटलात प्रथिनांचे पंप असतात आणि आत शिरलेले औषध मारक मात्रेला पोहोचण्याआधीच ते बाहेर फेकतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूतील ‘नॉर-ए’ हा असाच पंप सिप्रोफ्लॉक्सॅसिन बाहेर टाकतो. मिरीतील पायपरीन आणि सर्पगंधेतील रेसर्पिन त्याला अडवतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मला सर्वांत विलक्षण वाटते ते दारुहळदीच्या वर्गातील काही वनस्पतींचे उदाहरण : त्यांतील बर्बेरीन हे जिवाणूनाशक संयुग हाच पंप बाहेर फेकतो, पण त्याच वनस्पतींत असलेले दुसरे एक संयुग, स्वतः जिवाणूंना न मारता, पंप बंद पाडते आणि बर्बेरीनला आत टिकू देते. सहायक संयुगाची ही कल्पना औषधशास्त्राला नवी नाही. अमॉक्सिसिलिनसोबत दिले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जिवाणूंचे औषध तोडणारे विकर निकामी करते, मात्र ते वनस्पतीतून नव्हे, एका जिवाणूपासून मिळते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पंप अडवण्यासाठी लागणारी रेसर्पिनची मात्रा माणसाला विषारी ठरते, तर पायपरीन यकृतातील विकरांना मंदावून इतर औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवू शकते. त्यामुळे उपचार चालू असताना कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.