साहेबांच्या कानावर जाईल का?

“मॅडम, इथं बोललेलं बिशपसाहेबांच्या कानावर जाईल का?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यानं विचारलं. मी समुपदेशक आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकणारे विद्यार्थी माझ्याकडे आले की थोड्याफार फरकानं हाच प्रश्न पहिला येतो. म्हणून ही हकिगत त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

तो अहिल्यानगरकडच्या एका खेड्यातला, तिशीचा. पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयात, बी.डी. या धर्मशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. फी त्याची मंडळी, म्हणजे त्याचं चर्च, भरते. राहायला फॅमिली क्वार्टर, दोन खोल्यांचं. बायको आणि तीन वर्षांची मुलगी सोबत. दोन महिने झोप नव्हती, चॅपलमध्ये संदेश द्यायची पाळी आली की छातीत धडधड व्हायची. आपलं पाचारणच, म्हणजे या सेवेसाठी देवानं केलेलं बोलावणंच, खोटं असावं, असं त्याला वाटू लागलं होतं. माझी खोली रास्ता पेठेत, केईएम हॉस्पिटलच्या भागात आहे. शेजाऱ्यांना तो सांगून आला होता, “केईएमला गावाकडचा पेशंट आहे, बघून येतो.”

त्याच्या भीतीला मी “उगाच काहीतरी मनात आणू नका” असं म्हटलं नाही, कारण ती उगाच नव्हती. निवासी सेमिनरीत सगळं एकाच आवारात असतं. जे सर पेपर तपासतात, तेच संध्याकाळी शेजारच्या अंगणात झाडांना पाणी घालत असतात. क्वार्टर कोणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या समितीतही ते असतात आणि वर्षाअखेरीला पुरस्कर्त्या मंडळीला अहवाल पाठवताना त्यांचं मत विचारलं जातं. अशा ठिकाणी “मला त्रास होतोय” हे वाक्य कोणत्या फाइलीत जाऊन बसेल, याची धास्ती वाटणारच.

मी त्याला सरळ सांगितलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधलं कलम २३ उपचार देणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घालतं आणि समुपदेशक म्हणून मीही तेच पाळते. बिशपसाहेबांचा किंवा प्राचार्यांचा फोन आला, तरी तू इथं येतोस एवढंही मी सांगणार नाही. मुख्य अपवाद हा: तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, पण शक्यतो आधी तुला सांगेन. “लिहून द्याल?” त्यानं विचारलं. दिलं लिहून. घडी घालून त्यानं तो कागद बायबलमध्ये ठेवला.

तिसऱ्या भेटीला मी त्याच्या पत्नीला बोलावलं. ती मिरजेला नर्सिंग शिकलेली, लग्नाआधी चार वर्षं वॉर्डात काम केलेली. “इथं आल्यापासून मला नावानं कोणी हाक मारलेली नाही,” ती म्हणाली. “हा वर्गात, मग लायब्ररीत, मग प्रार्थनेला. बालवाडी बारापर्यंत. मेसचं जेवण फक्त विद्यार्थ्याला, आमचं दोघींचं मी घरी करते. एका हॉस्पिटलात जागा होती, पण सेकंड शिफ्ट सुटून येईपर्यंत गेट बंद होतं. वॉचमनला रोज विनवण्या कोण करणार? मी नाही म्हणून टाकलं. ह्याला सांगितलंसुद्धा नाही. म्हटलं, देवाच्या कामात अडथळा नको.”

तो तिच्याकडे बघतच राहिला.

त्याच्या पदवीवर बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सिनेटचं, म्हणजे पदवी देणाऱ्या मंडळाचं, नाव असणार, याचा त्याला फार अभिमान. त्या सेरामपूरच्या मिशनरी विल्यम केरींचं मराठीवरही ऋण आहे. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ साली निघालं आणि मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. मी त्याला विचारलं, “केरींच्या पत्नीबद्दल काय शिकवलं?” बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “डॉरोथी. भारतात यायला तयार नव्हत्या. १७९३ला आल्या, पुढच्या वर्षी मुलगा गेला, मग मनाचा आजार जडला. १८०७ला वारल्या. परीक्षेला दोन ओळी लिहिल्या होत्या मी.” व्याकरण छापलं गेलं तेव्हा ती बाई सेरामपूरच्या त्याच आवारात कोंडल्यासारखी जगत होती. हे मी त्याला घाबरवायला काढलं नव्हतं. मंडळीच्या इतिहासात घरातल्या माणसाच्या वाट्याला दोनच ओळी येतात, हे मला मनापासून सलतं.

पुढच्या भेटींत पाचारणाची चर्चा आम्ही बाजूला ठेवली आणि तिघांचा दिवस तासातासानं कागदावर मांडला. झोपेसाठी त्याला मी डॉक्टरांकडेही पाठवलं. मग दोघांनी मिळून संस्थेला अर्ज केला. “आम्हाला आधार हवा” असं मोघम त्यात काही नव्हतं. नोकरी करणाऱ्या पत्नीला रात्री साडेदहापर्यंत गेटपास, मुलीला बालवाडीनंतर दोन तास सांभाळायची सोय आणि मेसचं एक जादा ताट, पैसे देऊन. आजाराचा उल्लेख कुठेही नव्हता, त्याची गरजही नव्हती.

गेटपास आठवड्यात मिळाला. मुलीला शेजारच्या क्वार्टरमधल्या एक मिझो ताई ठेवून घेतात, ती आता दोन-चार मिझो शब्द बोलते. मेसचा अर्ज अजून अडकला आहे.

ज्यांच्या मनात त्याचाच प्रश्न आहे, त्यांनी सेमिनरीतल्या समुपदेशकाकडे जायला बिचकू नये. फक्त पहिल्याच भेटीत विचारून घ्या: तुम्ही माझे पेपर तपासता का? माझ्या अहवालावर तुमची सही असते का? माझी नोंद कुठे राहते? उत्तर गुळमुळीत आलं तर बाहेर जा. रात्री-अपरात्री फार जड झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि संस्था चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की शिफारसपत्र लिहिणारा माणूस आणि मनातलं ऐकणारा माणूस वेगळे ठेवा. क्वार्टर देताना एकदा पत्नीलाही समोर बसवून विचारा, तुम्ही दिवसभर काय करणार आहात?

त्याची झोप अजून रोज लागते असं नाही. ती मात्र परवा ड्युटीवरून थेट माझ्याकडे आली, एकटीच, आणि म्हणाली, “आज मला माझं बोलायचंय.”