स्की म्हणजे चिरफळी

एका वाचक बाईंचा मुलगा ऑस्लोला असतो. त्याने तिथे जुन्या लाकडी स्कीची, म्हणजे बर्फावरून घसरत जायला पायाला बांधायच्या लांब फळ्यांची, जोडी विकत घेतली आणि हिवाळाभर खपून नीट केली. फोनवर तो स्कीला 'शी' म्हणतो, ते बाईंच्या कानाला खटकतं. त्या विचारतात: उच्चार कोणता खरा, 'स्की' म्हणायचं की 'स्कीज', आणि स्कीला, तसंच जुनी वस्तू 'रिस्टोअर' करण्याला, आपला शब्द आहे का?

मुलगा चुकत नाही. नॉर्वेजियनमध्ये 'स्क'पुढे 'ई' आली की 'श' ऐकू येतो, म्हणून शी. आपल्याकडे मात्र शब्द इंग्रजीतून आला आणि स्की म्हणूनच रुळला. गुलमर्ग, औलीहून परतलेली मंडळी तेच म्हणतात, तेच लिहावं. ती स्की, दोन स्की, स्कीची जोडी. 'स्त्री-स्त्रिया'च्या चालीवर 'स्किया' होईल, पण ते जिभेवर बसत नाही. आणि 'स्कीज' तर नकोच, अनेकवचनही इंग्रजीचं कशाला?

खरी गंमत अर्थात आहे. जुन्या नॉर्स, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत हा शब्द 'स्कीद' असा होता आणि त्याचा अर्थ फोडलेलं लाकूड. जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद 'शाइट' आजही जळणाच्या फोडीला म्हणतात. कापणे-फाडणे या अर्थाच्या ज्या प्राचीन मुळाशी अभ्यासक हे शब्द नेऊन जोडतात, त्याच्याच कुळात संस्कृतचा 'छिद्' येतो. म्हणजे आपले छेद आणि छिद्रही. मराठीत अगदी जवळचा शब्द आहे चिरफळी. आता आपण फक्त समोरच्याच्या मुद्द्यांच्या चिरफळ्या करतो, पण चिरफळी म्हणजे लाकडाचा उभा फाटलेला लांब तुकडा.

स्की करायची रीतच या नावात आहे. करवत सरळ जाते, वाटेत लाकडाच्या रेषा तुटल्या तरी तिला पर्वा नसते. पाचर ठोकून फोडलं तर लाकूड आपल्याच रेषेवर उघडतं. अशा फळीचं टोक वाफेवर मऊ करून वर वळवलं, तर ते सहसा तडकत नाही. 1868 साली नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातल्या मोर्गेदालहून सोंद्रे नोरहाइम हा स्कीपटू क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, स्पर्धेत उतरला तेव्हाही स्की अखंड लाकडाचीच होती.

बाईंनी पाठवलेल्या फोटोतली जोडी तशी नाही. तिची कड नीट पाहा: फिक्या आणि गडद पट्ट्या एकावर एक चिकटवल्यात. हे 1930च्या दशकातलं किंवा नंतरचं काम. त्या वेळी नॉर्वेत 'स्प्लिटकाइन' नावाने अशा स्की निघाल्या. दुधातल्या केसीनपासून केलेला, ओलाव्याला टिकणारा गोंद वापरून हिकरीसारख्या लाकडाचे थर जोडायचे. फळी गोंदाची झाली तरी नावातलं फोडणं सुटलं नाही: स्प्लिटकाइन म्हणजे 'स्प्लिट केन', फोडलेला बांबू.

'रिस्टोअर'साठी मी 'डागडुजी' म्हणेन. जीर्णोद्धार देवळाचा होतो. वापरातल्या वस्तूची डागडुजी, आणि ती स्कीइतकीच जुनी आहे. नॉर्वेच्या डिगेरवार्डन डोंगरावरच्या बर्फात 2014 साली एक स्की सापडली, तिची जोडीदारीण 2021 साली. वय सुमारे 1300 वर्षं. पायाच्या जागी बर्चच्या पिळलेल्या फांद्या, चामड्याचा पट्टा, लाकडी खुंटी. आणि दुरुस्तीच्या खुणा. कोणीतरी ती टाकून न देता पुन्हा चालती केली होती.

मुलाला एक निरोप द्या. तळाला व्हर्निश फासू नकोस. पाइनच्या लाकडातून काढलेलं काळपट डांबर गरम करून मुरव, घरभर वास सुटेल तो सुटू दे. आणि जोडी भिंतीला नुसती टेकवून ठेवू नकोस. दोन्ही तळ समोरासमोर आणून दोन्ही टोकांना बांधायचे आणि मधोमध लाकडाचा छोटा ठोकळा घालायचा. नाहीतर मधली कमान हळूहळू बसते.