किडनी प्रत्यारोपणानंतर सगळे म्हणतात पुनर्जन्म झाला, मग मला आनंद का होत नाही?

'आईने किडनी दिली, तरी तिच्यावरच चिडतो आणि मग लाज वाटते' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

मला ताईने दिली, २०१७ मध्ये. डायलिसिस सुटलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.२ वर आलं, घरच्यांनी सत्यनारायण घातला. आणि मी रात्री तीनला स्वयंपाकघरात पार्लेजी खात रडत बसायचो.

दोन वर्षांनी मामेबहिणीचं लग्न होतं, सांगलीला. सीमांतपूजनाच्या पंगतीत माझा गोळ्यांचा नऊचा अलार्म वाजला. भाऊजी वाढप्याला ओरडले, "त्याला मठ्ठा नको रे, आमच्या घरची किडनी आहे त्यात!" पंगत हसली, मीही हसलो. मग हॉलमागच्या नळाशी जाऊन टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या) कॅप्सूल तळहातावर घेऊन उभा राहिलो. घशाखाली जाईनात. ताई मागून बाटली घेऊन आली. "घे आधी." मग म्हणाली, "माझ्याकडे होती तेव्हा कुणी साधी विचारपूस केली नाही तिची. तुझ्याकडे आल्यापासून केवढा मान!"

त्या दिवसापासून मी आभार मानणं बंद केलं. तुम्हीही करा. त्यापेक्षा आईचं बीपी, लघवीची तपासणी, क्रिएटिनिन दरवर्षी होतंय का ते बघा. देणाऱ्याचीही तपासणी करायची असते, हे घरात कुणाच्या गावीही नसतं. आणि 'मी सही केली म्हणून वाचलास' असं कुणी ऐकवलं तर सांगा, १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात बहीण जवळची नातेवाईक आहे, मेहुणा नाही. (सही भाऊजींचीही घेतली होती, खरं आहे. टाके ताईच्या पोटावर पडले.)

चिडचिडीचं म्हणाल तर त्यातली बरीच प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळीची असू शकते. माझी गोळी १० वरून ५ मिलिग्रॅमवर आली तेव्हा कुठे झोप लागू लागली. पण डोस डॉक्टरांनीच बदलायचा, आणि रागाच्या भरात एकही गोळी चुकवायची नाही. रडू येतं हे त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते रिपोर्ट बघून 'छान' म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. जगणंच नकोसं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे मला माहीत आहे. भाऊबीजेला येतोय, ताईचे रिपोर्ट काढून ठेवा.