नागपूरच्या वर्धा रोडवर उड्डाणपुलाखालच्या गर्दीच्या सिग्नल चौकांत (अजनी, छत्रपती) अपघात कमी करायला स्वस्तात काय करता येईल?

सगळ्यात आधी पिवळ्या दिव्याचे सेकंद वाढवा आणि त्यानंतर चारही बाजूंना एकत्र लाल ठेवा. कॅमेरे, दंड नंतर. हिशोब सोपा आहे. ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भानावर यायला १ सेकंद आणि बेताचा ब्रेक धरला, तर पिवळा जवळपास ४ सेकंद लागतो. तो ३ वरच ठेवला की पुढची कार करकचून थांबते आणि मागचा ट्रक तिच्यावर येतो. ३० मीटर रुंद चौकातून १२ मीटरचा ट्रक पूर्ण बाहेर पडायला आणखी अडीच सेकंद लागतात, तेवढा वेळ सगळीकडे लाल हवा.

मग हे:
- पुलाच्या खांबाआड दिवा लपतो. चौकाच्या पलीकडे, खांबाच्या दोन्ही अंगांना जादा दिवे लावा.
- बस-ऑटोचा थांबा चौक ओलांडून किमान ५० मीटर पुढे न्या. अलीकडे उभी बस डावी लेनच खाऊन टाकते.
- लाल दिव्याच्या टायमरचे शेवटचे ५ आकडे झाकलेले बरे. ‘३’ दिसला की निम्म्या दुचाक्या सुटलेल्या असतात!

मात्र पिवळा ५ सेकंदांच्या वर नेऊ नका. लोक त्याला हिरवाच समजू लागतात. आणि उन्हाळ्यात दुपारी सिग्नल बंद ठेवले, तर यातलं दिव्यांचं काहीच कामाचं नाही, तेव्हा वर्धा रोडला लुकलुकता पिवळा आणि आडव्या रस्त्याला लुकलुकता लाल तरी हवाच.